मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत हवा असेल तर हे करा
वही अपुरी म्हणून पोराची मधली सुट्टी कापू नका, ज्याला बसवून ठेवता तेच पुढच्या तासाला बाक वाजवतं, शेजाऱ्याला चिमटे काढतं, मी हे रोज बघते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ मध्येच सांगितलंय की शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नका. जमलं तर आधी खेळ मग डबा असं करून बघा, नाहीतर दोन घास कसेबसे गिळून पोरं मैदानावर पळतात आणि डबा तसाच घरी जातो. आणि घंटा झाली की लगेच फळ्यावर गणित नको हो! पाणी पिऊ द्या, घाम पुसू द्या, लंगडीत कोण आउट होतं ते भांडण दोन मिनिटं ऐकून घ्या, मग पुस्तक उघडा.