२२.४ ने गुणायच्या आधी थांबा: वायूंच्या गणितांत या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात, तेव्हा अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइडही सुटतो. एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) ग्लुकोज आंबला की दोन मोल अल्कोहोल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो. समजा १८० किलो ग्लुकोज पूर्ण आंबला. एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅमचा, म्हणजे ग्लुकोज १००० मोल आणि वायू २००० मोल. हा वायू किती जागा व्यापेल? अकरावी-बारावीची पुष्कळ मुले इथे २००० ला २२.४ ने, म्हणजे एसटीपीला (प्रमाण तापमान-दाबाला) एक मोल वायू जेवढे लिटर व्यापतो त्या आकड्याने, गुणतात आणि ४४,८०० लिटर लिहून मोकळी होतात. पण टाकीचे तापमान ३२ अंश सेल्सिअस आहे आणि सांगलीत हवेचा दाब ०.९४ अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास असतो. त्या स्थितीत उत्तर सुमारे ५३,३०० लिटर येते. साडेआठ हजार लिटरची ही तफावत आकडेमोडीतल्या चुकीमुळे आलेली नाही. २२.४ हा आकडाच मुळात तिथला नव्हता.

रासायनिक समीकरण फक्त मोल जाणते. तापमान किती, दाब किती, याचा त्यात कुठेच उल्लेख नसतो. म्हणून ग्रॅमवरून मोल काढा, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा आणि इथवर वायूचे आकारमान मध्ये येऊच देऊ नका. आकारमान अगदी शेवटी, आदर्श वायूच्या समीकरणातून काढायचे: मोल गुणिले आर (वायू स्थिरांक) गुणिले केल्विनमधले तापमान, भागिले दाब. आधी एसटीपीचे आकारमान काढायचे आणि मग ते दुसऱ्या तापमान-दाबाला बदलायचे, हा लांबचा रस्ता चुकीचा नाही. पण त्यात तापमानाचा अपूर्णांक उलटा मांडला जाण्याची शक्यता फार. त्या वाटेने गेलातच, तर तापमान वाढले की आकारमान वाढले का आणि दाब कमी झाला की आकारमान वाढले का, एवढे तरी पाहून घ्या.

खुद्द एसटीपीबद्दलही एक घोळ आहे. २२.४ लिटर हे ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरचे मोलर आकारमान, म्हणजे एका मोलचे आकारमान. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला आणि त्या दाबाला तो आकडा २२.७ होतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात २२.७ दिसेल, जुन्या प्रश्नसंचांत २२.४. प्रश्नात दाब कशात दिला आहे ते पाहूनच आकडा निवडा. दोन्हींपैकी एक पाठ करून सगळीकडे वापरू नका.

दाबाबद्दल आपल्या भागातल्या मुलांनी विशेष सावध राहायला हवे. ‘हवेचा दाब म्हणजे १ अ‍ॅटमॉस्फिअर’ हे समुद्रकाठी ठीक आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर आहे, तिथे दाब साधारण ०.८५ अ‍ॅटमॉस्फिअर भरतो. दहा ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटवर पुरेसे हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले, तर ०.१ मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो. महाबळेश्वरात २० अंशांना त्याचे आकारमान २.८३ लिटर, तर ० अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला २.२४ लिटर. प्रात्यक्षिकासाठी मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमधला दाब उचलत असाल, तर तो बहुधा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. म्हणूनच महाबळेश्वरातही तिथे १०१० हेक्टोपास्कलसारखा आकडा दिसतो, प्रत्यक्षात असतात ८६० च्या आसपास. प्रयोगशाळेतला वायुदाबमापी जो आकडा दाखवतो तोच गणितात घ्या.

एककांच्या चुका मात्र उत्तराकडे पाहूनच ओळखता येतात, आणि ही सवय लावून घेण्यासारखी आहे. आकारमान अपेक्षेच्या सुमारे अकरापट कमी आले? मग २७ अंशांचे ३०० केल्विन करायचे राहिले. सुमारे शंभरपट जास्त आले? दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असताना आर म्हणून ८.३१४ घेतला गेला, तिथे ०.०८२१ हवा होता. ८.३१४ चालतो तो दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तेव्हा. उत्तर ७६० पट कमी आले, तर दाब मिलिमीटर पाऱ्यातच राहून गेला. तो तसाच ठेवायचा असेल, तर आर ६२.४ घ्या. अपेक्षा कशी ठरवायची? सांगलीत खोलीच्या तापमानाला एक मोल वायू पंचवीस-सव्वीस लिटरच्या आसपास जागा घेतो, एवढा अंदाज पुरतो.

पाण्यावर गोळा केलेल्या वायूची चूक इतकी सहज सापडत नाही, कारण तिथे उत्तर थोडेसेच बिघडते. ३.२७ ग्रॅम जस्त आम्लात टाकले की ०.०५ मोल हायड्रोजन मिळतो. तो २७ अंशांना पाण्यावर जमवला आणि बाहेरचा दाब ७१२ मिलिमीटर पारा असेल, तर भांड्यात हायड्रोजन एकटा नसतो, पाण्याची वाफही असते. २७ अंशांना त्या वाफेचा दाब साधारण २७ मिलिमीटर असतो. (अंश आणि मिलिमीटर यांचे आकडे इथे योगायोगाने जुळले आहेत, त्याला नियम समजू नका.) म्हणून हायड्रोजनचा दाब ६८५ धरायचा. आकारमान १.३७ लिटर येते. वाफ वजा केली नाही तर १.३१ येईल, आणि पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरे दिलेली असतील. ‘पाण्यावर गोळा केला’ हे शब्द दिसले की पेन्सिलने अधोरेखित करा. कार्बन डायऑक्साइड मात्र पाण्यात बराच विरघळतो, त्यामुळे प्रयोगात तो या पद्धतीने मोजला तर आकारमान कमीच भरते.

काही गणितांत आर लागतच नाही. तापमान आणि दाब सगळीकडे सारखेच असतील, तर वायूंची आकारमाने समीकरणातल्या गुणोत्तरातच असतात. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये सांगितलेला हा नियम. दोन लिटर प्रोपेनला दहा लिटर ऑक्सिजन लागतो आणि सहा लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मात्र पाण्याचे आठ लिटर मोजायचे ते वाफ असेपर्यंतच. मिश्रण खोलीच्या तापमानाला थंड केले की पाणी बहुतांशी द्रव होते आणि ते आठ लिटर हिशेबातून जातात. द्रव किंवा घन पदार्थाला हा नियम कधीही लावू नका.

आणि दोन वायू वेगवेगळ्या स्थितीत दिले असतील, तर आकारमानांची तुलनाच करायची नाही. २७ अंशांचा पाच लिटर अमोनिया आणि १२७ अंशांचा पाच लिटर हायड्रोजन क्लोराइड, दोन्ही १ अ‍ॅटमॉस्फिअरला, एकत्र आले तर अमोनिअम क्लोराइड किती मिळेल? आकारमान सारखे आणि गुणोत्तर एकास एक, म्हणून दोन्ही एकदमच संपतील असे वाटते. प्रत्येकाचे मोल वेगळे काढा: अमोनिया ०.२०३, हायड्रोजन क्लोराइड ०.१५२. म्हणजे हायड्रोजन क्लोराइड आधी संपतो, तोच लिमिटिंग रिएजंट, म्हणजे उत्पादन किती मिळेल हे ठरवणारा पदार्थ. अमोनिअम क्लोराइड ८.१ ग्रॅम मिळते. अमोनियाचे मोल धरून गणित केलेल्याचे उत्तर १०.९ ग्रॅम येईल.