कवितेखाली पन्नास जणांना टॅग करताय? लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

ऑगस्टातली गोष्ट. गोदेला पूर आला होता. पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली, याचे फोटो मिनिटामिनिटाला येत होते. नाशिककरांचं पूर मोजायचं ते जुनंच माप. मला कविता सुचली, दहा मिनिटांत फेसबुकवर टाकली आणि ओळखीच्या पन्नासेक जणांना टॅग करून मोकळा झालो. संध्याकाळी त्यांतल्याच एका ताईंचा फोन आला. "दादा, आमचं भांडीबाजारातलं दुकान पाण्यात आहे. नातेवाईक विचारपूस करायला माझी वॉल उघडतात, तर तिथं तुमची पुराची कविता आणि खाली 'वा, क्या बात है!' तेवढं काढता का?"

टॅग काढायला अर्धा मिनिट लागला. पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन 'एडिट' केलं की झालं. पण टॅग करणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर आपला फलक ठोकणं, हे मला त्या फोनमुळे कळलं. कविता ज्याच्यावर किंवा ज्याच्यामुळे लिहिली, त्याला टॅग करावं, तेही विचारून. बाकीच्यांना वाचायची असेल तर ते वाचतील. आणि तुम्हालाच लोक सारखे टॅग करत असतील, तर फेसबुकच्या सेटिंगमध्ये टॅग आधी तपासायची सोय आहे, ती चालू करा. मग तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. इतरत्र मात्र ती दिसू शकते.

तीच माणसं, तीच कविता

माझ्या फोनात साहित्याचे अकरा व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. गंगापूर रोडचा वेगळा, सिडकोचा वेगळा, गझलेचा वेगळा, आणि माणसं फिरून फिरून तीच. त्यामुळे कुणी 'सर्व समूहांसाठी' म्हणून कविता टाकली की ती अकरा वेळा येते. तिसऱ्या वेळेपर्यंत चांगल्या कवितेचाही कंटाळा येतो. एका ग्रुपवर टाका, फार तर स्टेटसला ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मार्गही आहे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते संदेश मिळतात. 'मी पाठवतो, पण पोचतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुस्तक आलं म्हणून नवा ग्रुप काढून दोनशे जणांना न विचारता आत ओढायचं, हीही एक खोड. निमंत्रणाची लिंक द्या. ज्याला यायचंय तो येईल.

श्रद्धांजलीबद्दल एकच सांगतो. कुणी ज्येष्ठ लेखक गेले की 'त्यांनी माझ्या पहिल्या संग्रहाचं कौतुक केलं होतं' असं लिहून खाली संग्रहाचं मुखपृष्ठ जोडू नका. त्या दिवशी नाव त्यांचं असू द्या.

नाव गळतं, नाव चिकटतं

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. (राजभाषा दिन १ मेला असतो, निदान लिहिणाऱ्यांनी तरी घोळ करू नये.) त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या नावाच्या कविता फिरतात. त्यांतल्या काही त्यांच्या असतात. यमक जुळलं, शेवटी उपदेश आला की खाली कुसुमाग्रज लिहून टाकायचं, अशी रीत पडली आहे. ज्या गावात ते राहिले, त्या गावातून तरी असं पुढे जाऊ नये. शंका आली तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन संग्रह चाळा. १८४० सालची संस्था आहे, अशा कामासाठीच तर आहे.

उलट बाजूही आहे. कविता पूर्ण टाइप करून 'साभार' लिहिलं की परवानगी मिळाली, असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. दोन ओळी, कवीचं नाव, संग्रहाचं नाव, एवढं पुरे. पुस्तकं खपत नाहीत म्हणून ज्या ग्रुपवर रडगाणं चालतं, त्याच ग्रुपवर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ येते आणि खाली सत्तावीस नमस्कार पडतात!

तुमच्याच कवितेचं नाव गळालं तर? चित्र करून टाकत असाल तर नाव कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा कापला जातो. शेवटच्या ओळीला चिकटून लिहा. नाव नसलेली कविता कुठे दिसली, तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपा, मग खासगीत कळवा: 'ही कविता माझी आहे, कृपया नाव टाकावं.' दहातले आठ जण बिचारे फॉरवर्ड करणारेच असतात, त्यांना चारचौघांत चोर म्हणून काय मिळणार? कुणी स्वतःच्या नावावर खपवत असेल आणि ऐकतच नसेल, तर फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॉपीराइटची तक्रार करता येते. मात्र त्यात दिलेलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतो, हे धरून चाला.

दिवाळी अंकाला पाठवायची कविता आधी फेसबुकवर टाकू नका. संपादक अप्रकाशित मागतात, आणि बऱ्याच जणांच्या लेखी फेसबुकवर आलेलं ते प्रकाशितच. अंक हाती आल्यावर लगेच सगळ्या पानांचे फोटोही टाकू नका. मुखपृष्ठ टाका आणि अंक कुठे मिळेल ते सांगा.

कुणी चूक दाखवली तर

पुरावरची ती कविता भुजंगप्रयात वृत्तात होती, म्हणजे ओळीत बारा अक्षरं आणि लघु-गुरूचा, ऱ्हस्व-दीर्घाचा, क्रम ठरलेला. एक ओळ अशी: 'नदीच्या तळाशी जुने घर होते'. खाली एका तरुण मुलाने लिहिलं, "सर, इथे वृत्त मोडलंय." मी रात्री साडेअकराला त्याला चार परिच्छेदांचं उत्तर दिलं, त्यात माझी तीस वर्षांची साधनाही आली. सकाळी चहा घेताना बोटांवर मोजलं. अक्षरं बाराच होती, पण नववं अक्षर 'घ' लघु, तिथं गुरू हवा. पोरगं बरोबर होतं.

माझं उत्तर काढून टाकलं, त्याची कमेंट ठेवली. ती पुसली असती तर ज्यांनी वाचली होती त्यांना लगेच कळलं असतं. ओळ बदलली: 'नदीच्या तळाशी जुने देव होते'. ग्रुपवर गेलेली प्रत मात्र तशीच राहिली. व्हॉट्सॲपवर संदेश पंधरा मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो, आणि पुढे गेलेल्या प्रती तर तशाही सुधारत नाहीत. तेव्हापासून कविता एक रात्र फोनच्या नोट्समध्येच मुक्काम करते.

पोस्टखाली त्या मुलाचे आभार मानायचे होते. आधी त्याला विचारलं, टॅग करू का? तो म्हणाला, "नको सर, नुसतं नाव लिहा."