मागचा हाफ-शाफ्ट (मागचं चाक फिरवणारी दांडी) तुटला तर
गिअर पडतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर नेणारी लांब दांडी) फिरतो, पण गाडी हलत नाही. फोर-व्हील टाकलं की पुढची चाकं ओढतात. साध्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) एक शाफ्ट तुटला की दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही.

फुल-फ्लोटिंग ॲक्सल (वजन हबवर, शाफ्ट फक्त चाक फिरवतो) असेल तर हबवरचे बोल्ट काढून शाफ्ट ओढून घ्या. आत अडकलेला तुकडा लांब दांड्याच्या चुंबकाने येतो. नाहीच आला तर दुसरा शाफ्ट काढून तिकडून सळईने ढकला. क्रॉस-पिन (डिफरन्शिअलमधली आडवी पिन) आड आली तर डिफरन्शिअल उतरवावाच लागतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये (चाक शाफ्टवरच बसलेलं) चाकच निखळू शकतं, त्यामुळे मागची बाजू उचलूनच गाडी न्या.

हाउसिंगमधला (ॲक्सलच्या कवचातला) लोखंडाचा कीस नीट धुवा, नाहीतर नवं बेअरिंगही जाईल. सील नवं, ब्रीदर (ॲक्सलमधली हवा जायचं भोक) मोकळा, गिअर ऑइल फिलरच्या भोकापर्यंत.