दोन सबवूफर, एक अ‍ॅम्प्लिफायर: जोडणीआधी ओहमचा हिशेब

गाडीत एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर दोन सबवूफर (बेसचे खोल आवाज वाजवणारे मोठे स्पीकर) बसवायचे असतील, तर वायर सोलण्याआधी कागद-पेन्सिल हाती घ्यावी. आपण किती सबवूफर लावले याच्याशी अ‍ॅम्पला देणेघेणे नसते; त्याला कळतो तो फक्त ओहममधला एकूण लोड (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप; ते कमी तितका प्रवाह जास्त), आणि हा लोड अ‍ॅम्पच्या किमान मर्यादेखाली गेला की अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा जळतो. ही मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. एकाच चॅनेलचे मोनोब्लॉक अ‍ॅम्प बहुधा १ किंवा २ ओहमपर्यंत चालतात. दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच लोड चालवला, तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्मेच ओहम येतात. म्हणून दर चॅनेलला २ ओहम पेलणारा अ‍ॅम्प ब्रिज करताना ४ ओहमच्या खाली नेऊ नये.

हिशेब शाळेत शिकलेलाच आहे. एकसर जोडणीत, म्हणजे पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडला की, ओहमची बेरीज होते. समांतर जोडणीत प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जातो, आणि सबवूफर सारखे असतील तर एकाच्या ओहमला त्यांच्या संख्येने भागायचे असते. म्हणजे ४ ओहमचे, एका कॉइलचे (स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या एका गुंडाळीचे) दोन सबवूफर समांतर जोडल्यास २ ओहम होतात, एकसर जोडल्यास ८.

घोळ होतो तो डबल व्हॉइस कॉइलच्या सबवूफरमध्ये, कारण दोन सबवूफर म्हटले तरी तिथे चार कॉइल असतात. कॉइल ४-४ ओहमच्या असतील, तर चारही समांतर केल्यास १ ओहम होतो. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल आधी एकसर केल्या आणि मग दोन्ही सबवूफर समांतर जोडले, तर ४ ओहम होतात. सगळ्या कॉइलना सारखी शक्ती मिळेल अशा रीतीने या जोडीतून २ ओहम निघतच नाहीत. त्यासाठी २-२ ओहमच्या कॉइलचे सबवूफर घेऊन तीच एकसर-समांतर जोडणी करावी लागते. म्हणूनच आधी अ‍ॅम्प ठरवावा आणि त्याला जुळणारे सबवूफर मग घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. माझ्या पहिल्या जोडीच्या चारही कॉइल एका दुकानात सरसकट समांतर जोडून दिल्या होत्या. अ‍ॅम्प २ ओहमचा होता, आणि घाट चढताना तो पुन्हा पुन्हा बंद पडू लागला तेव्हा कुठे मी मोजायला शिकलो.

जोडणी झाल्यावर, अ‍ॅम्पला लावण्याआधी, मल्टिमीटरने दोन्ही टोकांमध्ये ओहम पाहावेत. ४ ओहमच्या जागी ३.२ ते ३.७ असा आकडा दिसला तर काळजीचे कारण नाही. मल्टिमीटर दाखवतो तो डीसी रोध लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो. हा आकडा बॉक्सच्या मागे पेनाने लिहून ठेवावा. नंतर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: सेलचा प्लस प्लसला असताना दोन्ही कोन (स्पीकरचे पुढचे हलणारे पडदे) बाहेर सरकले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला, तर दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो.

पॉवर वायरचे काम बॅटरीची मायनस केबल काढूनच करावे. ५०० वॉट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या शक्तीचा) अ‍ॅम्प पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर ओढतो, त्यामुळे ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच, आणि तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा.

रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत वायरची निवड अधिकच महत्त्वाची ठरते. दोन पावसाळे काढलेली माझी अर्थ वायर (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर) मी कापली, तेव्हा तांबे इन्सुलेशनच्या आत चार बोटांपर्यंत काळे-हिरवे पडले होते आणि थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) हाताने फिरत होते. तांब्याचा नुसता मुलामा असलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर इकडे त्याहून लवकर खराब होते. चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी दिसली, तर ती परत करावी. होड्यांसाठी मिळणारी, कलई केलेल्या तांब्याची वायर महाग पडते, पण मी आता तीच घेतो. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग पूर्ण खरवडून थिंबल बोल्टने आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. पावसाळ्यात फ्लोअरचे कार्पेट ओले राहते, म्हणून सीटखालचा अ‍ॅम्प प्लायच्या तुकड्यावर उंच बसवावा.

गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) सर्वांत कमी ठेवून सुरुवात करावी, वीस मिनिटे गाणी वाजवावीत आणि अ‍ॅम्पला व प्रत्येक जोडाला हात लावून पाहावा. गरम लागणारा जोड पुन्हा क्रिंप करावा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करावा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की स्पीकर वायर अ‍ॅम्पवरून सोडवून ओहम पुन्हा मोजावेत आणि बॉक्समागच्या आकड्याशी ताडून पाहावेत. अर्धा ओहम वाढलेला दिसला, तर सबवूफर उघडण्याआधी टर्मिनलवरचे थिंबल काढून पाहावे.