पेल्यात बर्फाचे खडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून

फ्रीजरमधून नुकताच काढलेला खडा उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो पाण्यात पडताच वितळायला लागेल असं वाटतं, पण पाणी आधीच गार असेल तर सुरुवातीला उलटं घडतं: खडा थोडं पाणी स्वतःवर गोठवून घेतो. १ ग्रॅम बर्फ शून्यावर यायला सुमारे ३८ ज्यूल उष्णता घेतो आणि १ ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल सोडतं. म्हणजे २० ग्रॅमचा खडा फार तर २ ग्रॅमभर पाणी गोठवेल. दोन खडे टेकले की मधल्या पाण्याला दोन्हीकडून गारवा मिळतो, बाहेरचं त्यामानाने उबदार पाणी तिथे पोचत नाही आणि सांधा पक्का होतो.

शून्य अंशावरचे ओले खडेही चिकटतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५०मध्ये दाखवलं होतं. याचं श्रेय बरेचदा दाबाला दिलं जातं, ते पटण्यासारखं नाही. बर्फाचा वितळणांक १ अंशाने उतरवायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सव्वाशेपटीहून जास्त दाब लागतो. पेल्यात तो कुठून येणार? बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याखालीही पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. दोन खडे भिडले की तो दोन बर्फांमध्ये सापडतो आणि गोठतो.

म्हणून खडे काढल्यावर ताटात सुटे पसरा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. पृष्ठभागावरची पांढरट धूसर साय जाऊन ओली चकाकी आली की ते तयार. आधी पेय ओता, मग खडे एकेक करून सोडा आणि लगेच पाच-सहा वेळा ढवळा. खडे रचून वरून ओतलं तर सपाट बाजू आधीच टेकलेल्या असतात, तिथे हमखास चिकटतात. साध्या पाण्यात हा त्रास सर्वांत जास्त; साखर किंवा मद्य असलेलं पेय शून्याखाली गोठतं, त्यामुळे सांधा कच्चा राहतो.

पुष्कळदा मात्र खडे पेल्यात येण्याआधीच, डब्यात जुळलेले असतात. ट्रे काठापासून ४-५ मिलिमीटर रिकामा ठेवा, नाहीतर वरून बर्फाचा पापुद्रा खड्यांना जोडतो. काढलेले खडे थाळीत एकमेकांना न लागता १५ मिनिटं पुन्हा फ्रीजरमध्ये कोरडे होऊ द्या, मगच पिशवीत भरा. बाहेर राहून ओले झालेले खडे त्याच पिशवीत परत टाकू नका.

पेल्यात जोडी जमलीच, तर चमच्याने दाबू नका. लांब चमच्याची कड सांध्यात घालून पिळा.