बंगल्यासोबत स्विमिंग पूलही घेतलात? बडोद्याच्या पाण्यात तो निळा ठेवायची रीत

दांडिया बाजारातली जागा सोडून सेवासी-भायलीकडे बंगला घेतला, की ताबा देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पूलवाल्याचा नंबरही हातात पडतो. तो आठवड्यातून दोनदा येतो, डब्यातली पावडर अंदाजाने फेकतो, जाळीने पानं काढतो आणि जातो. पहिल्या मे महिन्यात पाणी हिरवं होतं. मग पावडर वाढते, पाणी चार दिवस निळं दिसतं आणि पुन्हा हिरवं. यात पूलवाल्याचा आळस क्वचितच असतो. पूलचं पाणी रोज उडतं, पण त्यात टाकलेल्या प्रत्येक औषधाची काही ना काही शिल्लक मागे राहते आणि ती साठत जाते. त्या शिल्लकेचा हिशेब मालकाला आला, तर पूलवाला कुणीही असला तरी चालतं.

आधी पाणी मोजा

लांबी × रुंदी × सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजू १ मीटर आणि खोल बाजू १.५ मीटर असेल, तर ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर. पुढची सगळी मापं याच पूलसाठी दिली आहेत. तुमचा २० घनमीटरचा असेल तर निम्मी करा. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा.

ताबा घेतानाच विकणाऱ्याकडून चार गोष्टी समजून घ्या: पंप किती एचपीचा, फिल्टरमधली वाळू कधी बदलली, पाणी बोअरचं की नळाचं, आणि क्लोरीनसाठी आजवर नेमकं काय वापरलं. चौथं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ते 'पावडर' एवढंच मिळालं तर रिकामा डबा मागून लेबल वाचा.

त्याच दिवशी तळाच्या मेन ड्रेनची जाळी पाहा. ती तुटलेली किंवा सैल असेल तर नवी बसेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडू नका. पंपाची ओढ लहान मुलाला तळाशी धरून ठेवू शकते. पंप आणि पाण्यातल्या दिव्यांच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच हवेत.

पंपघरात काय काय आहे

पाणी स्किमर (पृष्ठभागालगतचं भिंतीतलं तोंड) आणि मेन ड्रेनमधून ओढलं जातं, पंपाच्या पुढच्या बास्केटमध्ये पानं अडकतात, वाळूच्या फिल्टरमध्ये गाळ राहतो आणि भिंतीतल्या इनलेटमधून पाणी परत येतं. १ एचपीचा पंप चांगल्या स्थितीत तासाला साधारण १० घनमीटर पाणी फिरवतो. म्हणजे आपला पूल कागदावर चार तासांत एकदा फिरतो. पण फिल्टर भरत जातो तसा वेग उतरतो, म्हणून उन्हाळ्यात ८ तास आणि थंडीत ४ ते ५ तास पंप चालवा. त्याला तासाला जेमतेम एक युनिट वीज लागते. ती वाचवायला पंप दोन तासांवर आणणारे पुढे तेवढेच पैसे औषधांवर घालवतात.

फिल्टरच्या डोक्यावरचा दांडा म्हणजे पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व. पंप चालू असताना हा दांडा कधीही फिरवू नका. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट जागेवरून सुटतं आणि मग पाणी हळूहळू बॅकवॉशच्या (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुण्याच्या) पाइपातून गटारात जात राहतं. कित्येक घरांत 'पूल गळतो' म्हणून टाइल्स फोडल्या जातात आणि गळती निघते या गॅस्केटमध्ये.

बॅकवॉश ठरावीक वारी करायचा नसतो, प्रेशर गेज पाहून करायचा असतो. फिल्टर स्वच्छ असताना काटा कुठे असतो ते मार्करने खूण करून ठेवा. त्याहून ०.५ ते ०.७ बार वर गेला की:

१. पंप बंद करा, दांडा 'बॅकवॉश'वर आणा, पंप चालू करा.
२. काचेच्या नळीत आधी चहासारखं पाणी दिसेल. ते नितळ होईपर्यंत, साधारण २ ते ३ मिनिटं, थांबा.
३. पंप बंद, दांडा 'रिन्स'वर, पंप चालू, अर्धा ते एक मिनिट.
४. पंप बंद, दांडा 'फिल्टर'वर, पंप चालू.

तिसरी पायरी गाळली, तर इनलेटमधून धुळीचा लोट पूलमध्ये येतो. खरखरीत वाळूच येत असेल, तर टाकीच्या तळातली लॅटरल नळी तुटलेली आहे. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील, तर स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत पाणी आहे का ते आधी बघा, मग झाकणाची ओ-रिंग. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने रबर फुगतं.

क्लोरीन: कोणतं, आणि मागे काय उरतं

बाजारात तीन प्रकार मिळतात. आपल्या ४०,००० लिटरमध्ये क्लोरीन १ पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) पावडर किंवा गोळी (९० टक्के) ४४ ग्रॅम लागते, कॅल्शियम हायपो (हायपोक्लोराइट, ६५ टक्के) ६२ ग्रॅम आणि द्रव सोडियम हायपो (१० टक्के) ४०० मिलिलिटर.

टीसीसीए सोयीचं आहे, म्हणून पूलवाल्यांचं लाडकं. त्यातून सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. विक्रेते त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं हवंच, कारण त्याच्याशिवाय भर उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत संपतं. ३० ते ५० पीपीएम ही योग्य पातळी. पण रोज २ पीपीएम क्लोरीन टीसीसीएतून दिलं, तर महिन्याला हे ॲसिड सुमारे ३५ पीपीएमने चढतं. अडीच महिन्यांत ते ९० च्या घरात जातं आणि तिथे क्लोरीन जखडून ठेवतं. टेस्टमध्ये क्लोरीन ३ दिसतं आणि तरीही पाणी हिरवं होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ते कमी करायला व्यवहारात एकच उपाय आहे: पाणी काढून नवं भरणं. ९० चं ४५ करायचं तर निम्मा पूल.

कॅल्शियम हायपोने ही भानगड होत नाही, पण प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे कॅल्शियमचा जडपणा ७ पीपीएमने वाढतो. पूल बोअरच्या पाण्याने भरलेला असेल तर ते पाणी बहुधा आधीच जड असतं. पाण्याच्या रेषेवर टाइल्सवर पांढरी खरखरीत पट्टी येते आणि फिल्टरमधल्या वाळूचे गठ्ठे होतात.

म्हणून आमचा सल्ला असा: पहिल्यांदा भरताना शक्य तेवढं आजवा-महीचं, म्हणजे महापालिकेचं गोडं पाणी किंवा त्याचा टँकर घ्या. १.२ किलो सायन्युरिक ॲसिड जुन्या पायमोज्यात भरून इनलेटसमोर लटकवा. पूर्ण विरघळायला काही दिवस लागतात. त्यातून ३० पीपीएम मिळेल. नंतर रोजच्याला द्रव हायपो वापरा, आणि टीसीसीएच्या गोळ्या फक्त गावाला जाताना, फ्लोटरमध्ये, म्हणजे तरंगत्या डब्यात. द्रव हायपो उन्हाळ्यात पंपघरातल्या पंपघरातच मरतं, महिनाभरात ताकद निम्म्यावर येऊ शकते. महिन्याभराचा साठा करू नका, कॅन सावलीत ठेवा.

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो यांना एकच डबा, एकच चमचा कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की पेट घेतात किंवा स्फोट होतो. कुठल्याही क्लोरीनवर ॲसिड पडलं तर विषारी वायू सुटतो.

रोजची दोन मिनिटं

टेस्ट किट डीपीडीचं घ्या, गुलाबी रंग येणारं. स्वस्त पिवळ्या रंगाचं किट मोकळं आणि घाम-लघवीशी अडकलेलं क्लोरीन एकत्र दाखवतं, त्यावरून काही कळत नाही. पाणी कोपरभर खोलीवरून, इनलेटपासून लांब घ्या. गंमत अशी, की क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा रंग उमटून लगेच उडतो आणि 'क्लोरीन शून्य' असं वाटतं. शंका आली तर नमुन्यात निम्मं क्लोरीन नसलेलं साधं पाणी मिसळून पुन्हा बघा आणि आकडा दुप्पट करा.

मोकळं क्लोरीन २ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम. पीएच ७.५ ला निम्मं क्लोरीन कामाचं असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणून पाणी बिघडलं की आधी पीएच बघा, क्लोरीन नंतर.

पीएच ७.८ वरून ७.४ ला आणायला ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण अर्धा लिटर लागतं. आधी पाव लिटरच घ्या. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट नको. पंप चालू ठेवून खोल बाजूला कडेने ओता, चार तासांनी पुन्हा मोजा. संडास धुण्याचं रंगीत ॲसिड नको, फेस येतो. अल्कलिनिटी १० ने वाढवायला खाण्याचा सोडा ६८० ग्रॅम.

पूलवरून उग्र 'क्लोरीनचा' वास येत असेल, तर क्लोरीन जास्त झालंय असं समजून बंद करू नका. तो वास घाम-लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याला मोकळं क्लोरीनच आणखी लागतं.

हिरवा झालाच तर

संध्याकाळी करा, उन्हात सगळं वाया जातं. भिंती, पायऱ्या आणि शिडीमागचा भाग ब्रशने घासा. शेवाळ तिथूनच पुन्हा सुरू होतं. पीएच ७.२ ला आणा. तासाभराने ४ लिटर द्रव हायपो टाका, म्हणजे १० पीपीएम. पंप रात्रंदिवस चालू, गेज चढला की बॅकवॉश. रात्री आणि पहाटे क्लोरीन मोजा; रात्रभरात १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं, तर शेवाळ अजून जिवंत आहे, पुन्हा टाका. क्लोरीन ३ वर येईपर्यंत पोहायचं नाही.

मेलेलं शेवाळ राखाडी होऊन तरंगतं. तुरटी अर्धा किलो बादलीत विरघळवून पूलभर फिरवा, 'रिसर्क्युलेट'वर एक तास पंप चालवा, मग बंद. सकाळी तळाशी थर दिसेल. दांडा 'वेस्ट'वर ठेवून तो सावकाश व्हॅक्यूम करा. 'फिल्टर'वर केलंत तर वाळू चिकट होते. होज जोडण्याआधी इनलेटला धरून पूर्ण पाण्याने भरा, नाहीतर पंप हवा ओढतो. मोरचूद टाकायचा मोह टाळा. शेवाळ मरतं खरं, पण तांब्याचे निळसर डाग भिंतीवर बसतात आणि पांढऱ्या केसांवर हिरवट झाक येते.

ऋतूप्रमाणे

मेमध्ये ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज ६ ते ८ मिलिमीटर, म्हणजे दोन-सव्वादोनशे लिटर पाणी सहज उडतं. जास्त वाटलं तर बादली चाचणी करा: पायरीवर बादली ठेवा, आत-बाहेर पाणी एकाच पातळीला, दोन्हीकडे खूण, २४ तास पंप नेहमीसारखा आणि टॉप-अप (वरून पाणी भरणं) बंद. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तरच गळती. टॉप-अप सतत बोअरचं असेल तर क्षार चढत जातात. पावसाळ्यात पूल भरून वाहतो तेव्हा ते थोडे उतरतात.

पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर अल्कलिनिटी मोजा. आणि साफसफाईसाठी पूल रिकामा करायचा तो पावसाळ्यात कधीच नाही. जमिनीतलं पाणी रिकामं कवच खालून ढकलतं, तळाला तडा जातो. विश्वामित्रीला पूर येऊन आवारात पाणी शिरलं, जसं २०१९ आणि २०२४ मध्ये कित्येक सोसायट्यांत शिरलं, तर पंपाची लाइन मेनवरूनच बंद करा आणि मोटर कोरडी करून तपासल्याशिवाय चालू करू नका. पाणी ओसरल्यावर गढूळ पूलमध्ये पाय टाकू नका. नदीतल्या मगरी पुराबरोबर वस्तीत येतात हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. तळ दिसेपर्यंत पूल बंद, आणि काही हललं तर वनखात्याला फोन.

जानेवारीत वेगळीच पीडा. उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला तुटलेला मांजा पूलमध्ये पडतो, स्किमरमधून आत जातो आणि बास्केटच्या जाळीतून निसटून इम्पेलरला, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चक्राला, गुंडाळतो. पंप घरघरतो, पाणी कमी येतं. १४ आणि १५ तारखेला पंप फक्त पहाटे, गच्च्यांवर लोक चढण्याआधी चालवा. १६ ला पृष्ठभाग आणि तळ जाळीने पिंजून घ्या, बास्केट काढून तिच्या भोकांमधले दोरे कात्रीने कापा, आणि मगच पंप पूर्ण वेळ सुरू करा. मांजाला काच असते, हातमोजे घाला.