निर्वासित कुटुंबाला घर देताना: कोणता कागद, कधी, कुणाकडे

1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे निर्वासितांना आसरा देण्याचं लोकशाही देशाचं कर्तव्य शेवटी कोपरखैरण्यातल्या एखाद्या घरमालकाच्या दारात येऊन उभं राहतं. संविधान मात्र स्पष्ट बोलतं: कलम 21 चं, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तेच बजावलं.

किल्ली देण्याआधी कागद बघा. सरकारने दिलेला दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर काम सोपं. अनेकांकडे फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, म्हणजे यूएनएचसीआरचं कार्ड असतं. ते व्हिसा नाही आणि त्यावर आधारही निघत नाही. कार्डाची मुदत तपासा, झेरॉक्स घ्या, मूळ कार्ड लगेच परत द्या. तेवढाच कागद जवळ असलेल्या माणसाचं कार्ड अडकवून ठेवणं हा अन्याय आहे.

अफगाण कुटुंबांच्या कागदांवर दोन गोष्टी हमखास गोंधळात टाकतात. जन्मतारीख 1 जानेवारी दिसली की लोकांना संशय येतो. पण नेमका दिवस नोंदलेलाच नसेल तर तीच तारीख टाकली जाते. तिथल्या मूळ दाखल्यावर 1380 असं साल असेल तर ते तिथल्या सौर हिजरी दिनदर्शिकेतलं आहे, म्हणजे आपलं 2001-02. आडनावही बऱ्याचदा नसतं. कार्डावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा. एका अक्षराचा फरकही पुढे महिनोन्‌महिने नडतो.

परदेशी व्यक्ती राहायला आली की 24 तासांत ऑनलाइन कळवणं ही मालकाची जबाबदारी. सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात. 2025 च्या नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यातही ती कायम आहे. फॉर्म पासपोर्ट आणि व्हिसाचा क्रमांक मागतो, आणि फक्त कार्ड असलेल्यांचं घोडं इथेच अडतं. म्हणून कुटुंबाने वकिलाचा सल्ला किल्लीच्या आधी घ्यावा, नंतर नव्हे. मग मालकाने कार्डाच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. दयेपोटी माहिती लपवू नका: लपवाछपवी उघडी पडली की मालकावर कारवाई होऊ शकते आणि कुटुंबावर कोठडीची वेळ येऊ शकते.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. ऑनलाइन नोंदणीला दोन्ही बाजूंचं आधार लागतं, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जा. सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही, लेखी कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते तो जादा आकार, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही, भाडेकरू कुठलाही असो. सभेत कुणी ‘बाहेरचे नकोत’ म्हणालं तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगरची आठवण करून द्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं, आणि आजही तिथे पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’ असाच सांगतात.

मुलांची शाळा लांबवू नका. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं (कलम 4): नऊ वर्षांच्या मुलीला भाषा येत नाही म्हणून पहिलीत ढकलणं चूक. तिला विशेष प्रशिक्षण मागा. शाळा आधारवर अडून बसली तर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा, त्यानुसार प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. नकार आलाच तर तो लेखी मागा. दरी ही अफगाण भाषा बोलणाऱ्या मुलांना उर्दू माध्यम जवळचं पडतं, कारण लिपी जवळपास तीच.

पोलिसांनी कुणाला नेलं तर त्याच दिवशी 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा किंवा ठाणे शहरातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना कार्डाची प्रत आणि पोलीस ठाण्याची ती शिक्क्याची पोच सोबत घ्या.